फॅन्टसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये आधी कुठली पोझिशन घ्यावी? क्वार्टरबॅक घेऊ का?

नका घेऊ. निदान पहिल्या चारपाच राउंडमध्ये तरी नको. (नवख्यांसाठी: फॅन्टसी फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या प्लेअरची आपली टीम बनवायची, ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला. ड्राफ्ट म्हणजे आळीपाळीने प्लेअर उचलणं, क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा.)

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या 12 जणांच्या लीगमध्ये पहिल्यांदाच खेळताय, ड्राफ्टमध्ये 9वा नंबर आलाय, आणि सगळ्यात जास्त पॉइंट क्वार्टरबॅकलाच मिळतात तर आधी तोच उचलावा असं वाटतंय. हेच डोकं मी 2019 ला चालवलं होतं. अमेरिकेतल्या लेबर डेच्या सुट्टीचा वीकेंड, दुसऱ्या दिवशी गणपती बसणार, एका हाताने मखराला टेप लावतोय, दुसऱ्या हातात फोन, आणि पहिल्याच राउंडला घेतला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, कारण आदल्या सीझनला त्याने 50 टचडाउन पास (थेट स्कोर करून देणाऱ्या फेकी) टाकले होते. त्या वर्षी झाले 26, मध्ये गुडघ्यामुळे दोन मॅचही गेल्या. आणि आमच्यातल्या एकाने 11व्या राउंडला, म्हणजे जवळपास फुकटात, दुसराच क्वार्टरबॅक लमार जॅक्सन घेतला, ज्याने 36 टचडाउन पास टाकले आणि वर स्वतः पळून 1,206 यार्ड काढले. ऑफिसात अजून ऐकवतो तो.

दोष महोम्सचा नाही, हिशोब माझा चुकला. आपल्याला सवय क्रिकेटच्या ॲपची, तिथे कोहली सगळ्यांच्याच टीममध्ये असू शकतो. इथे एक प्लेअर एकाचाच. त्यामुळे हा किती पॉइंट देईल एवढंच बघून भागत नाही, आत्ता सोडला तर पुढच्या वेळी त्या जागी कोण मिळेल आणि दोघांत फरक किती, ते बघायचं. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, 32 टीम, म्हणजे 32 क्वार्टरबॅक खेळतात, तुमच्या लीगला लागतात 12. उरलेल्यात कोणीतरी चांगला निघतोच, 2024 ला बेकर मेफिल्ड किती जणांनी शेवटी शेवटी घेतला होता आणि त्याने 41 टचडाउन पास टाकले. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) मात्र प्रत्येकाला 2 लागतात, झाले 24, वर फ्लेक्समध्येही, म्हणजे वेगवेगळ्या पोझिशनचा प्लेअर चालतो त्या जादा जागेतही, लोक तेच भरतात, आणि बऱ्याच टीम दोघांत बॉल वाटून देतात, त्यामुळे पूर्ण वेळ पळणारे लवकर संपतात.

पण रनिंग बॅक जखमीही फार होतात. 2024 ला बहुतेकांचा पहिला पिक असलेला रनिंग बॅक ख्रिश्चन मॅकॅफ्री 4च मॅच खेळला. म्हणून लीग पीपीआर असेल, म्हणजे प्रत्येक कॅचला 1 पॉइंट, तर 9व्या नंबरला मी टॉपचा वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) घेईन आणि पुढच्या पिकला, म्हणजे 16 ला, रनिंग बॅक. रिसीव्हर जमार चेसने 2024 ला 127 कॅच घेतले, नुसत्या कॅचचेच 127 पॉइंट! पीपीआर नसेल तर उलटं करा. सेटिंग आधी वाचा, दोन क्वार्टरबॅक खेळवायची लीग असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे 32 पैकी 24 लागतात.

टाइट एंडचं (ब्लॉकही करतो आणि बॉलही झेलतो तो) वेगळंच आहे, एकदोघं फार पुढे असतात आणि बाकी सगळे सारखेच. 2022 ला टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीचे पीपीआरमध्ये साधारण 315 पॉइंट, दुसऱ्या नंबरचा त्याच्यामागे जवळजवळ 100. असा मिळाला तर लवकर घ्या, नाहीतर घाई नको.

आता तुमच्या 9व्या नंबरची खरी मजा. स्नेक ड्राफ्टमध्ये (दर राउंडला क्रम उलटा होतो) तुमचे पिक येतात 9, 16, 33, 40, 57, 64. म्हणजे 57 आणि 64 च्या मध्ये फक्त तिघं, 10, 11 आणि 12 नंबरवाले, प्रत्येकी दोनदा उचलणार. 57 ला आधी त्यांच्या टीम उघडून बघा. तिघांकडे क्वार्टरबॅक असेल तर तुमचा क्वार्टरबॅक बहुतेक 64 ला तिथेच बसलेला असेल, तोवर रिसीव्हर घेऊन टाका. 40 आणि 57 च्या मध्ये मात्र 16 पिक जातात, तिथे वाट बघितलीत तर गेलाच.

किकर (बॉलला लाथ मारून पॉइंट काढणारा) आणि डिफेन्स (एका टीमचा अख्खा बचाव) शेवटच्या दोन राउंडला. 8व्या राउंडला किकर घेणारा एक तरी असतोच, चॅटवर त्याला हसायची सोय होते.