दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणं (स्केलिंग) खरंच गरजेचं असतं का? त्याने दात सैल होतात आणि फटी पडतात असं ऐकलंय.

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि आमच्या दादाचा आवाजच कानात आला. शब्दसुद्धा तेच. म्हणून उत्तर लिहायला बसलोय, नाहीतर मी काही डॉक्टर नाही. माझा खालचा पुढचा एक दात गेलेला आहे, एवढीच माझी पात्रता.

पहिलं स्केलिंग केलं तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. दुखत काहीच नव्हतं, फक्त ब्रश करून थुंकलं की बेसिनमध्ये गुलाबी दिसायचं. खालच्या पुढच्या दातांना आतून जीभ लावली की एकसंध भिंत लागायची. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. अर्ध्या तासात ती भिंत गेली. खुर्चीतून उठलो तर जीभ प्रत्येक फटीत जाऊन डोकावून यायला लागली. चूळ भरली, गार पाण्याची सणक पार मस्तकात. घरी येऊन दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "झालं! चांगल्या दातांत फटी पाडून घेतल्यास. आता बस दर सहा महिन्यांनी चकरा मारत."

सणक चार-पाच दिवसांत गेली. दादाचं वाक्य मात्र राहिलं. नंतर १४ वर्षं मी दातांच्या डॉक्टरकडे फिरकलो नाही.

या १४ वर्षांत मी दोन वेळा ब्रश करत होतो, बरं का. एकही दात किडलेला नव्हता आणि याचा मला भयंकर माज होता. कोणी दाढ भरून घेतली की मी तोंड उघडून दाखवायचो. मग एक दिवस आरशात खालचा एक दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसला. (लांब होत नाही तो, हिरडी खाली सरकते.) काही महिन्यांनी जिभेने ढकलला तर हलला. तरीही दुखत नव्हतं. हिरडीचा हा आजार दुखत नाही, हीच त्याची हरामखोरी आहे. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेलो असतो.

डॉक्टरबाईंनी एक बारीक, खुणा असलेली काडी घेतली आणि हिरडी व दात यांच्या मधे घालून आकडे सांगायला सुरुवात केली. सहायक मुलगी लिहून घेत होती. "दोन, तीन, दोन. तीन, तीन, सात." मी आपला मनात खूश, सात म्हणजे बरे मार्क दिसतायत. ते मिलिमीटर होते. निरोगी हिरडीत ती काडी १ ते ३ मिलिमीटर आत जाते. सात म्हणजे दाताला धरून ठेवणारी हिरडी-हाडाची पकड तेवढी सुटलेली. एक्स-रेत त्या दाताभोवतीचं हाड निम्म्याहून खाली गेलं होतं. ते परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

दात काढल्यावर त्यांनी तो कापसावर ठेवून मला दाखवला. वरचा भाग पांढरा, ठणठणीत, कीड नाही. आणि खाली मुळावर काळपट हिरवा खडबडीत थर, खाऱ्या पाण्याच्या नळाच्या तोंडाला धरतो तसा, निम्म्या मुळापर्यंत. हा हिरडीच्या आतला थर. रक्तातल्या रंगद्रव्यांमुळे तो काळा पडतो आणि आरशात कधीच दिसत नाही. मी १४ वर्षं मिरवत होतो तो या दाताचा वरचा भाग.

आता दादाच्या मुद्द्यांकडे वळतो, म्हणजे तुमच्याही.

फटी स्केलिंगने पडत नाहीत. दातांवर जो चिकट थर बसतो तो जंतूंचा. रोज ब्रशने निघाला तर निघाला, राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवसांत त्याचं कीटण होतं, दगडासारखं. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं आहेत आणि गालातल्या ग्रंथीचं तोंड वरच्या दाढांसमोर उघडतं. म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून कीटण सगळ्यात जास्त. एकदा दगड झाला की ब्रश कितीही घासा, निघत नाही. उलट जोर लावून घासल्याने हिरडीच सोलवटते. हा दगड फटीत भरतो, वरून हिरडी सुजून फट झाकते. स्केलिंगमध्ये दगड जातो, सूज उतरते आणि फट उघडी पडते. फट आधीच होती. कपाट हलवल्यावर मागच्या भिंतीची ओल दिसली म्हणून कपाट हलवणाऱ्याला शिव्या देतो का आपण?

सैल होण्याचंही तसंच. हाड झिजलेले दात पुष्कळदा कीटणानेच एकमेकांना चिकटून उभे असतात. टेकू काढला की हलतात. पण तो टेकूच भिंत पोखरत होता.

आणि "इनॅमल (दातावरचं कडक कवच) खरवडून काढतात" हे तर ऐकवत नाही. यंत्राचं टोक सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण फुटून निघतं. पाणी असतं ते टोक थंड ठेवायला आणि कचरा धुऊन न्यायला. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. अडाण्याच्या हातात पडलात आणि त्याने टोक आडवं न धरता उभं टोचलं तर मुळाला इजा होऊ शकते, हे खरं. पण मग हात बदला, स्केलिंग कशाला सोडताय?

दादाचं हुकमी पान म्हणजे आजोबा. आजोबांनी जन्मात स्केलिंग केलं नाही आणि जाताना बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन गेले. या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं गप्प बसत आलो. मग श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या मजुरांवरचा अभ्यास वाचनात आला. हाराल्ड लो या संशोधकाने ४८० मजुरांना १९७० पासून १५ वर्षं तपासलं. ही माणसं ब्रश करत नव्हती आणि दातांचे उपचारही त्यांना मिळत नव्हते. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी साधारण ११ टक्के लोकांचं हाड झिजलं नाही. ८१ टक्क्यांचं हळूहळू झिजत गेलं आणि ८ टक्क्यांचं झपाट्याने. तेव्हा दादा, आजोबा अकरा टक्क्यांतले होते. मी एक्क्याऐंशीतला निघालो. तू कशातला आहेस हे तुला माहीत नाही, कारण तू ती काडी कधी घालूनच घेतली नाहीस.

त्याच लो यांनी १९६५ साली १२ निरोगी माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात सगळे पूर्ववत. म्हणजे सूज आहे तोवर गाडी मागे आणता येते, हाड गेल्यावर नाही. २९ व्या वर्षी बेसिनमध्ये गुलाबी दिसत होतं तेव्हा माझी गाडी अजून मागे येण्यासारखी होती. हे मी दादाला अजून तोंडावर म्हटलेलं नाही. इथे म्हणतोय.

बरं, तुम्ही विचारलं होतं सहा महिन्यांचं. ते राहिलंच. प्रामाणिकपणे सांगायचं तर सहा महिने ही काळ्या दगडावरची रेघ नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणारी संस्था, तिच्या २०१८ च्या आढाव्यात असं दिसलं की ज्यांना हिरडीचा गंभीर आजार नाही आणि जे डॉक्टरकडे नियमित तपासून घेतात, त्यांनी सहा महिन्यांनी केलं, वर्षाने केलं की ठरवून केलंच नाही, यांत दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडला नाही. कीटण तेवढं थोडं कमी. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००४ पासून मोठ्यांच्या तपासणीचं अंतर माणूस बघून ३ महिने ते २४ महिने असं ठेवलंय. (दादा, हा परिच्छेद तेवढा वाचून नाचू नकोस. त्यात "तपासून घेतात" असं लिहिलंय.) मला दर ३ महिन्यांनी बोलावतात, माझ्या बायकोला वर्षातून एकदा. तुमचं अंतर ते आकडे बघून ठरेल, इथे कोणी सांगू शकणार नाही.

सिगारेट ओढत असाल तर रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त दिसत नाही. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखरही आटोक्यात राहत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाची झडप बदललेली असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा. आणि दात पांढरेशुभ्र व्हावेत म्हणून जाणार असाल तर ते वेगळं काम आहे, स्केलिंग नव्हे. फटींतून बारीक ब्रश रोज फिरवा. माझ्या बाबतीत खरा फरक त्यानेच पडला, पण ते कोणी सांगितलं तर आपण ऐकतो थोडंच.

तुमच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. येत असेल तर सहा महिन्यांचा हिशोब नंतर करा, याच आठवड्यात जा.