स्वतःला शोधून आल्यावर भांडी कोण घासतं?

या वेळी पत्रं आणि ईमेल बरेच आले, त्यातले तीन घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचा भिशीचा ग्रुप 'बाईपण भारी देवा' बघायला गेला होता, नऊवारी नथ गॉगल सगळं करून. खूप हसलो खूप रडलो. घरी आले तर सिंक भांड्यांनी भरलेलं आणि नवरा म्हणतो, काय, सापडलीस का स्वतःला? तेव्हा हसण्यावारी नेलं पण ते डोक्यातून जात नाही. आता मुलीने 'उंबरठा' बघायला लावला तर त्याचा मला रागच आला, एवढ्याशा पोरीला टाकून कुठली आई जाते? यातलं खरं स्त्रीवादी काय म्हणायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नवऱ्याला सांगा, मी सापडले, आता तुम्ही घासणी शोधा.

'बाईपण' मी पण बघितला आणि मला आवडला. सहा बहिणी, एकमेकींशी नीट बोलणं राहिलेलं नाही, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. 2023 मध्ये थिएटरं बायकांनी भरून गेली होती, दुपारच्या शोला सुद्धा. त्याला नाकं मुरडणारे खूप आहेत पण दुपारचे तीन तास बाईने घराबाहेर, मैत्रिणींबरोबर, स्वतःसाठी काढणं हे आपल्याकडे अजून सोपं नाही, त्यामुळे मी नाकबिक मुरडणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की अशा सिनेमात नाचून झालं की गोष्ट सुटल्यासारखी वाटते, आणि तुमची गोष्ट नेमकी त्यानंतर सुरू झाली, सिंकपाशी.

आता 'उंबरठा'. 1982 चा, जब्बार पटेलांचा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून, पटकथा विजय तेंडुलकरांची. तुम्हाला राग आला ना, मला वाटतं तो यायलाच पाहिजे असाच तो बनवलाय. बघा, नायिका सुलभाला, म्हणजे स्मिता पाटीलला, घरात छळ नाहीये. नवरा वकील, चांगला शिकलेला, गिरीश कर्नाडांनी असा केलाय की त्याला शिव्या पण देता येत नाहीत. पैसा आहे, सासू स्वतः समाजकार्य करणारी आहे. नवरा मारत असता, दारू पीत असता तर आपण सगळ्यांनी म्हटलं असतं जा बाई, सुट. पण इथे कारण काय तर मी शिकलेय आणि मला ते काम करायचंय, बास. एवढं कारण आपल्याला अजून पुरत नाही. स्मिता पाटील महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते आणि तिथे काय बघते, तर गैरकारभार, आश्रमातल्या बायकांवर डोळा ठेवणारा आमदार, आणि त्याकडे कानाडोळा करणारी कमिटी. म्हणजे घर सोडून बाहेर आली तर बाहेर पण तेच घर, फक्त मोठं.

पोरीला टाकून नाही गेली हो, घरात सगळे आहेत, जाऊ आहे, तिच्याकडे ठेवून गेली. कोकणातून मुंबईला गिरणीत कामाला आलेल्या बापांना कोणी विचारलं का कधी, की पोरगी कोणाकडे टाकून आलास? मनीऑर्डर आली की बाप चांगला. ते जाऊ दे. सुलभा परत येते तेव्हा मुलगी काकीची झालेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते, आणि तो ते सांगतो पण कसं, जणू यात काही विशेष नाही, तू नव्हतीस मग काय करणार. तो सीन परत बघा, आणि तिचा चेहरा बघा, मला तरी 'सुन्या सुन्या मैफिलीत' पेक्षा तो सीन जास्त लागतो. आणि मग ती पुन्हा निघते. तिला कसलंही बक्षीस मिळत नाही, सिनेमा तिची किंमत लपवत नाही, म्हणून मी त्याला वर ठेवते.

पण एक गोष्ट मला आजही खटकते. ती जाऊ. जिने पोर वाढवली, जिच्या जिवावर एकीला उंबरठा ओलांडता आला, तिला कोणी विचारत नाही तुला काय पाहिजे. सिनेमा सुलभाचा आहे हे कबूल, पण तिच्यावर वेगळा सिनेमा व्हायला पाहिजे असं मला कायम वाटत आलंय.

वेळ मिळाला तर 'कुंकू' पण बघा, प्रभातचा, 1937 चा. तरण्या नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायलाच नकार देते, रडून नाही, ठणकावून. आगाऊपणा करणाऱ्या सावत्र मुलाला छडीने बडवते. शांता आपटेंनी ते काम केलंय आणि गंमत म्हणजे या बाई पडद्याबाहेर पण तशाच होत्या, दोनच वर्षांनी प्रभातशीच भांडण झालं तेव्हा स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. आणि वकिलाच्या सुधारक मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, ज्यांनी खऱ्या आयुष्यात संततिनियमनाचं काम केलं.

प्रश्न : ताई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारमध्ये मी स्त्रीवाद विषय घेतला तर आमचे सर म्हणाले हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या साहित्यात असलं काही नव्हतं. त्यांना काय उत्तर देऊ?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : सरांना उत्तर देऊ नकोस, त्यांच्या टेबलावर 'स्त्री पुरुष तुलना' ठेव. 1882 चं पुस्तक, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेने नवजात मूल मारलं म्हणून तिला आधी फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करून काळं पाणी. त्यावरून 'पुणे वैभव' पत्रात समस्त बायकांना बदफैली ठरवणारं लिखाण आलं, आणि ते वाचून ताराबाईंचं डोकं फिरलं. त्यांचा मुद्दा इतका साधा आहे की वाचताना हसू येतं, जे जे दोष बाईच्या नावावर टाकता ते सगळे पुरुषात नाहीत का, मग शिक्षा एकटीलाच का? भाषा तर अशी की आज कोणी तसं लिहिलं तर खाली तीनशे जण येऊन शिकवतील की बाईच्या जातीने असं बोलू नये. तेव्हा पण तेच झालं, जवळच्या लोकांनी सुद्धा नावं ठेवली, जोतीराव फुल्यांनी मात्र आपल्या 'सत्सार'च्या अंकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं काही छापून आलं नाही. स. गं. मालशांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे लोकांना कळलं.

पण तिथेच थांबू नकोस, नाहीतर सेमिनार अर्धा राहील. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाच, तुला फलटण जवळच आहे. लहानसं दुकान चालवायच्या, सामान बांधायला आलेली रद्दी वाचायच्या, गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि वह्या घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. पुस्तक आलं 1986 मध्ये. त्यात गावाने महारवाड्याशी काय केलं ते आहेच, पण महारवाड्यातल्या सुनेला तिच्याच घरात काय भोगावं लागलं ते पण लिहिलंय, आपल्या माणसांना न वाचवता. मग ऊर्मिला पवारांचं 'आयदान', 2003 चं. आई बांबूची आयदानं, म्हणजे टोपल्या-सुपं, विणायची, लेक शिकली, नोकरी, संसार, लग्नानंतर एम.ए., चळवळीच्या सभा, आणि जो नवरा आधी कौतुक करायचा तोच बाई जास्त बाहेर पडायला लागल्यावर कुरकुरायला लागतो. सरांना विचार, यातलं काय परदेशातून आलं?

प्रश्न : मॅडम, माझं वय 54. बायकोने लायब्ररीतून गौरी देशपांडेंची पुस्तकं आणायला सुरुवात केल्यापासून ती फार गप्प असते. एकदा विचारलं तर म्हणाली, काही नाही, वाचतेय. काळजी करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : थोडी करा, चांगलं असतं.

गौरीच्या नायिका तुमच्या माझ्यासारख्या अडलेल्या नसतात. शिकलेल्या, हवं त्याच्यावर प्रेम करणाऱ्या, देशोदेशी फिरलेल्या, नवरे सुद्धा बरेचदा समंजस. आणि तरी त्यांना काहीतरी टोचत राहतं. म्हणून तर ती पुस्तकं पंचवीस तीस वर्षं संसार केलेल्या बाईला बरोबर सापडतात, कारण तिला पण बाहेरून बघितलं तर सगळं मिळालेलं असतं. तिच्या गप्प बसण्यात तुमच्यावर आरोप असेलच असं नाही, पण नसेलच असं पण मी इथून कसं सांगू.

तिचं वाचून झालं की 'एकेक पान गळावया' तुम्ही घ्या, लायब्ररीत परत करायच्या आधी. पुस्तक लहान आहे, दोन रविवारात होईल. मग पु. ल. देशपांडेंच्या पत्नी सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' पण वाचा, मोठ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचा दिवस कसा जातो ते कळेल, तुम्ही मोठे नसलात तरी चालेल. आणि वाचून झाल्यावर तिला समजावून सांगायला जाऊ नका की लेखिकेला काय म्हणायचंय. तिला विचारा तुला कुठलं पान आवडलं. फक्त हे जेवणाची पानं घ्यायच्या वेळी विचारू नका, त्या वेळी तिला उत्तर द्यायला फुरसत नसते.