१९८९ साली जगात घडलेली सर्वांत मोठी घटना कोणती?

९ नोव्हेंबरच्या रात्री बर्लिनची भिंत खुली झाली ती, कारण त्यानंतर पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटींचा धाकच संपला. पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाची नवी मुभा 'ताबडतोब' लागू असल्याचं सांगून टाकलं आणि माणसं थेट भिंतीजवळच्या सीमा-नाक्यांवर जाऊन उभी राहिली. पण ४ जूनही विसरू नये: त्याच दिवशी पोलंडच्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या कम्युनिस्टविरोधी कामगार चळवळीने बाजी मारली आणि बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन रणगाडे आणून चिरडलं गेलं. फेब्रुवारीत सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परतल्या, डिसेंबरात रुमानियात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता कोसळली. जर्मनीचं एकीकरण मात्र ३ ऑक्टोबर १९९० चं, ते या वर्षात धरू नका.