नदीकाठी कुठलं झाड कुठे उगवणार, हे कशावरून ठरतं?

तुमचा प्रश्न असा: सह्याद्रीतल्या नदीकाठाने चालताना काही झाडं अगदी पात्रात, काही दरडीवर, तर काही त्याही वर दिसतात, ही वाटणी कशी होते आणि आपल्याला ती मोजता येईल का?

पहिली गोष्ट, पाण्यापासूनचं अंतर बाजूला ठेवा आणि पाण्यापासूनची उंची बघा. उभ्या दरडीवर पाण्यापासून तीन मीटरवरचं झाड क्वचितच बुडतं, तर सपाट वाळूवरचं तीस मीटरवरचं झाडही दर पावसाळ्यात बुडतं. मूळ दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मुळं गुदमरून कुजतात. मोठं झाड हे सोसून नेतं. मरतं ते वीतभर रोप. म्हणून एखादी जात कुठवर जाणार हे बहुतेक वेळा रोपाच्या पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच ठरून जातं.

खालून वर येऊ. पात्रातल्या खडकांच्या फटीत आणि गोट्यांत शेरणी. हिची फांदी हाताने वाकवून बघा, मोडत नाही. लोंढा आला की आडवी होते, ओसरला की उठते, आणि मुळांची पकड अशी की उपटून काढायला पहार लागते. तिच्या वर, ओल्या वाळूवर वाळुंज. त्याचं बी कापसासारखं उडतं, पण फार थोडे दिवस जिवंत राहतं. हिवाळा सरताना पाणी मागे हटून ओली वाळू उघडी पडलेली असेल तरच ते रुजतं. सावलीत किंवा पालापाचोळ्यावर पडलं तर वाया गेलं. यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे एकाच झाडाच्या फांद्या कापून सगळीकडे लावल्या की बी कधीच धरत नाही. लागवडीत ही चूक सहज होते.

दरडीच्या काठावर करंज, उंबर, जांभूळ. करंजाची शेंग न उकलता तरंगत जाते आणि पुराचा कचरा जिथे अडतो तिथे पोचते. म्हणून करंज पूररेषेला धरून ओळीने दिसतो. उंबराचं बी पक्षी आणि वटवाघळं टाकतात, त्यामुळे त्याला ओळ नसते. जांभळाच्या बियांना वाळणं सोसत नाही. फळ पिकतं मे-जूनमध्ये, लगेच पाऊस येतो आणि बी रुजतं. पाऊस लांबला तर त्या वर्षीची रोपं कमी. विदर्भातल्या नद्यांवर याच पट्ट्यात अर्जुन येतो. पुराच्या आवाक्याबाहेर गेलात की ऐन, किंजळ सुरू होतात, आणि तिथून पुढे नदीचं राज्य संपलं.

नदीगणिक उंची बदलते, क्रम सहसा तोच राहतो. वळणावर मात्र लक्ष द्या: आतल्या बाजूला वाळू साचते, तिथे वाळुंजाची कोवळी झाडं; बाहेरची बाजू कापली जाते, तिथे मुळं उघडी पडलेली जुनी जांभळं.

मोजायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. पाण्याच्या कडेपासून प्रवाहाला काटकोनात दोरी ताणा आणि फांद्यांत अडकलेल्या गवत-प्लास्टिकच्या, म्हणजे पूररेषेच्या, 10 मीटर पलीकडे न्या. दर 5 मीटरवर उंची घ्या. महागडं यंत्र नको, गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी आणि दोन मोजपट्ट्या पुरतात. नळीत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, एवढं सांभाळा. दोरीच्या दोन्ही बाजूंना 5-5 मीटरमधली, 1.3 मीटर उंचीवर 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असलेली सगळी झाडं नोंदवा. रोपांसाठी दर 5 मीटरवर 2 बाय 2 मीटरचा चौकोन, त्यांची नोंद वेगळी. आतलं वळण, बाहेरचं वळण आणि सरळ पट्टा, तिन्ही ठिकाणी दोरी पडलीच पाहिजे.

पाण्यावर झुकलेल्या झाडाची जागा बुंधा जमिनीतून निघतो तिथे धरा, शेंडा कुठे आहे तिथे नाही. अर्धा-अर्धा मीटर उंचीचे गट पाडून प्रत्येकात कुठली जात किती ते मांडा. चार-पाच झाडांवरून एखाद्या जातीबद्दल बोलू नका.

रोपं वेगळी मोजायला सांगतो याचं कारण मोठी झाडं जुना पूर सांगतात, रोपं आजचा. वर धरण झालं असेल तर दोन्ही जुळत नाहीत: वर म्हातारी करंजं, पण रोपं खाली पात्रापर्यंत उतरलेली.

सर्वांत टोकाचं उदाहरण बघायचं तर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली देवराई, राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलेली. तिथे जायफळाच्या कुळातली मिरिस्टिका वाहत्या ओहोळाच्या चिखलात उभी आहे, चिखलाबाहेर मुळं काढून. हिचं जड बीही वाळलं की मरतं. असा ओहोळ बागायतीसाठी वळवला, तर मोठी झाडं पुढेही बरीच वर्षं हिरवी दिसतात, आणि खाली एकही रोप नाही हे चिखलात वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.