गायकाच्या साथीला पहिल्यांदा बसताना

आधी गायकाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) विचार, मग तबला निवड. काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) सव्वापाच ते साडेपाच इंची तोंड चालतं. बाई काळी चारमध्ये गाणार असतील तर त्याहून मोठ्या तोंडाचा घे. छोटा तबला तेवढा उतरवलास तर पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते आणि चाट (पुडीची कड) बोलतच नाही.

गोव्यात खरी परीक्षा पावसाळ्यात. वास्कोचा सप्ताह (भजनाचा उत्सव) श्रावणात येतो, तेव्हा दमट हवेनं पुडी उतरते. फरक मोठा असेल तर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली ठोक, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या विणलेल्या कडेवर) काढ. वरून ठोकलं की सूर चढतो, खालून मारलं की उतरतो. एक घर (गजऱ्यावरची दोन वाद्यांमधली जागा) लावलं की समोरचं घर बघ, गोल फिरत गेलास तर सोळा घरं कधीच जुळत नाहीत. हातोडी शाईजवळ (पुडीवरच्या काळ्या गोलाजवळ) नेऊ नकोस. एसी हॉलमध्ये मात्र अर्धा तास आधी जाऊन वाद्यं उघडी ठेव, कोरड्या हवेत सूर आपोआप चढतो. बाहेर ताणून लावलेली पुडी तिथं फाटूही शकते.

वाजवताना ठेका (तालाचे ठरलेले बोल) स्वच्छ ठेव. गायक तान घेत असताना तुकडा (बोलांची छोटी रचना) घुसवणं हा नवशिक्यांचा आवडता गुन्हा! तान समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली, त्यानं मान हलवली, की मग चार मात्रांत काय ते बोल. अभंगात टाळकरी लय पळवतात, तेव्हा त्यांच्यामागे धावू नकोस; डग्ग्यावर सम ठळक दे. मॉनिटरमध्ये (स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःच्या तबल्यापेक्षा गायकाचा आवाज जास्त माग.