अनाथोथच्या शेताचा दस्त

प्रश्न : ताई, माझ्या आजीच्या शेजारी अलिबागेत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. 1960 च्या दशकात ते इस्राएलला गेलं. ‘त्यांच्या बायबलात लिहिलंय, म्हणून परत गेले,’ असं आजी सांगायची. पण इथून त्यांना कोणी हाकललं नव्हतं. मग परतीची ही भविष्यवाणी नेमकी काय आहे? आणि 1948 साली इस्राएल राज्य उभं राहिलं तेव्हा ती पूर्ण झाली का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आजीचं म्हणणं खरं, पण अर्धं. ही वाणी आधी ज्यांच्या कानावर पडली, त्यांच्यापासून सुरुवात करू. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजा नबुखद्नेस्सरानं यरुशलेम घेतलं आणि राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर यांना धरून नेलं. शहर आणि मंदिर जळायला अजून दहाएक वर्षं होती. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्यानं मात्र बंदिवानांना पत्र धाडलं : घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, सत्तर वर्षांनी देव तुम्हाला परत आणील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या नशिबी परतणं नव्हतं, परतायचं होतं त्यांच्या नातवंडांनी. यिर्मयावर माझा जीव आहे तो यासाठीच. त्यानं खोटा दिलासा दिला नाही आणि आशाही सोडू दिली नाही.

पुढे यरुशलेमला पुन्हा वेढा पडला. यिर्मया तेव्हा पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता. चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला, अनाथोथचं माझं शेत विकत घे, तो हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमच्या उत्तरेला तासाभराच्या चालीवर. शत्रूची फौज मुलूखभर पसरलेली असताना त्या जमिनीला काय किंमत उरली असेल? तरी त्यानं 17 शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार घेतले आणि दस्ताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हा त्याचा संदेश होता. बायबलातल्या एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांची यादी आहे, सातबाऱ्यासारखी कोरडी. तिच्यात अनाथोथची माणसं 128. त्या आकड्यापाशी मी दर वेळी थांबते.

इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या कोरेशानं बाबेल जिंकलं आणि ज्यूंना परतायची मुभा दिली. यशया या संदेष्ट्याचं पुस्तक या परक्या राजाला देवाचा अभिषिक्त म्हणतं. परतणारे 42,360, दासदासी वेगळे, असं एज्रा सांगतो. पण यशयानं गायलेलं वैभव त्यांच्या वाट्याला आलं नाही. पेरता फार, घरी आणता थोडं, मजुरी जाते भोकाच्या थैलीत, असं हाग्गय संदेष्टा त्यांना म्हणतो. मंदिराचा पाया घातला तेव्हा कोणी जल्लोष करत होतं आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडत होते. आनंद कुठला नि रडणं कुठलं ते ओळखू येईना. कितीतरी जण तर परतलेच नाहीत. बाबेलच्या मुलखात अल-यहूदू नावाची वस्ती होती. तिथल्या मातीच्या पाट्यांवर ज्यू नावांची माणसं जमीन कसताना, कर भरताना, देणीघेणी करताना दिसतात. यिर्मयाच्या पत्रातलंच जगणं ते.

मीही बेने इस्राएल; आमच्या पूर्वजांनी कोकणात हेच केलं. नवगावजवळ जहाज फुटून ते किनाऱ्याला लागले, असं आमची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. पुढे मराठीत कीर्तनंही केली. आणि पेसाहच्या सणाला म्हणत राहिले, पुढच्या वर्षी यरुशलेमात. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक गेले : कोणी श्रद्धेनं, कोणी नोकरीसाठी, कोणी भाऊ गेला म्हणून. माझे थोरले काका गेले, वडील ठाण्यातच राहिले. दोघांच्याही श्रद्धेत मला उणं दिसलं नाही. तिथं पोहोचल्यावर काही धर्मगुरूंनी आमच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली. त्याविरुद्ध लढा द्यावा लागला, तेव्हा 1964 साली बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, असं इस्राएलच्या संसदेत ठरलं.

1948 ही पूर्ती का? यावर ज्यूंमध्येच एकमत नाही. काही जण तो तारणाचा आरंभ मानतात. मशीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणारा, येण्याआधी राज्य उभारणंच चूक, असं मानणारे कर्मठही आहेत. ज्यांची युरोपात साठ लाख माणसं मारली गेली त्या लोकांना घर मिळालं, यात मला देवाची कृपा दिसते. पण भाकीत पुरं झालं म्हणून पुस्तक मिटायला मी तयार नाही. परतल्यावर देश कसा वाटून घ्यायचा हे सांगताना यहेज्केल संदेष्टा बजावतो की तुमच्यात राहणाऱ्या परक्यांनाही देशात जन्मलेल्यांसारखंच वतन द्या. 1948 च्या सुमाराला, राज्य उभं राहताना झालेल्या युद्धात, सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी बेघर झाले. संदेष्ट्यांचं नाव घ्यायचं, तर यहेज्केलाचं हे वाक्य गाळता येणार नाही.

प्रश्न : सत्तर वर्षांचा हिशेब जुळतो का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : कुठून मोजता त्यावर आहे. इ.स.पू. 597 च्या हद्दपारीपासून कोरेशाच्या आज्ञेपर्यंत साठेकच वर्षं होतात. मंदिर जळालं इ.स.पू. 586 च्या सुमाराला आणि नवं पुरं झालं 515 च्या सुमाराला. तिथं सत्तर जवळजवळ भरतात. जखऱ्या संदेष्टा सत्तर वर्षांचा उल्लेख करतो तोही मंदिर पुन्हा उभं राहत असतानाच. त्या पिढीनं हिशेब मंदिरापासूनच धरला असावा, असं मला वाटतं.