वाचकांचे प्रश्न : सध्या आपण काय ऐकता?

प्रश्न : सध्या आपण कोणते संगीत ऐकत आहात आणि का? मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी ऐकण्याची सवय लागल्याने संपूर्ण अल्बम ऐकणे माझ्याकडून होतच नाही. – एक वाचक, फोंडा

उत्तर : गेला महिनाभर माझ्याकडे दोनच गायिका आलटून पालटून ऐकल्या जात आहेत, आणि दोघींचीही नाळ आपल्या गोव्याशी जुळलेली आहे. पहिल्या केसरबाई केरकर, केरी गावच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ती जेमतेम साडेतीन मिनिटांची असूनही कुठेच घाईची वाटत नाही, हे मात्र निवांत ऐकल्याशिवाय कळत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेची खरखर आधी कानाला खुपते, मग तीच ओळखीची होते.

दुसऱ्या किशोरी आमोणकर; त्यांच्या मातोश्री आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर या कुर्डी गावच्या, जे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. किशोरीताईंचा भूप राग मी पहाटे, पाऊस कौलांवर पडत असताना, सोप्यावर बसून ऐकतो. मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य असलेल्या या पाच स्वरांच्या रागात त्या गंधारावर (ग) इतक्या प्रेमाने रेंगाळतात की हातातला चहा थंड होतो. त्याच भूपातली ‘सहेला रे’ ही बंदिश एवढेच ऐकून थांबू नका. आधीची विलंबित बढत, म्हणजे संथ लयीत रागाचा हळूहळू होणारा विस्तार, ऐकलीत, तरच त्या बंदिशीतला आनंद आपल्यापर्यंत पूर्ण पोचेल. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून एकदा ऐकाच.